हायपो, अर्थात सोडियम थायोसल्फेट: एकच क्षार इतक्या ठिकाणी का चालतो?

पाणी_तपासनीस (धागालेखक)

पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचे काम मी गेली एकवीस वर्षे करीत आहे आणि या सगळ्या काळात एक बाटली माझ्या हाताशी कायम राहिली आहे, ती सोडियम थायोसल्फेटची. प्रयोगशाळेत आम्ही त्याला नुसते 'हायपो' म्हणतो. 'हायपोसल्फाइट ऑफ सोडा' या जुन्या नावाचे हे लघुरूप. रसायनशास्त्राने ते नाव केव्हाच मोडीत काढले, तरी लोकांच्या तोंडून ते गेले नाही. नव्याने रुजू झालेल्या एका सहकाऱ्याने मला विचारले की हेच द्रव्य सायनाइडच्या विषबाधेवर शिरेतून देतात, फोटोच्या फिल्मसाठी वापरतात आणि आपण पाण्यातला क्लोरीन घालवायला वापरतो, तर या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे की हा निव्वळ योगायोग आहे? मी त्याला दिलेले उत्तर मला स्वतःलाच अपुरे वाटले, म्हणून हा धागा काढतो आहे.

सल्फेटमध्ये गंधकाच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू असतात. त्यांतल्या एका ऑक्सिजनची जागा गंधकाच्या दुसऱ्या अणूने घेतली की थायोसल्फेट होते. बाहेरच्या बाजूला बसलेला हा दुसरा गंधक तीन प्रकारे वागतो. तो इलेक्ट्रॉन देऊन क्लोरीन किंवा आयोडीन यांना निष्प्रभ करतो; प्रसंगी तो स्वतःच सुटून दुसऱ्या रेणूला जाऊन चिकटतो; आणि चांदी, सोने, प्लॅटिनम अशा धातूंना तो इतके घट्ट धरतो की चांदीचे पाण्यात न विरघळणारे क्षारदेखील त्याच्या द्रावणात उतरतात. माझे म्हणणे असे आहे की हायपोचा कोणताही उपयोग समोर आला, तर या तिन्हींपैकी कोणते काम चालले आहे हे आधी ठरवावे. मात्रा किती, ती केव्हा द्यायची आणि काय बिघडू शकते, यांची बरीचशी उत्तरे त्यातूनच मिळतात.

माझ्या क्षेत्रातले काम पहिल्या प्रकारचे आहे. नळाच्या पाण्याचा नमुना जंतुतपासणीसाठी घेतला की त्यातला उरलेला क्लोरीन बाटलीतही आपले काम करीतच राहतो. नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत काही तास जातात, तेवढ्या वेळात जंतू बाटलीत मरतात आणि अहवाल निर्दोष येतो, म्हणजे नळातून माणसाच्या पोटात गेलेल्या पाण्याविषयी तो काहीच सांगत नाही. म्हणून निर्जंतुक करण्यापूर्वीच बाटलीत हायपो घालून ठेवतात. साधारण 100 मिलिलिटर नमुन्यासाठी 10 टक्के द्रावणाचे 0.1 मिलिलिटर, म्हणजे नमुन्यात लिटरमागे सुमारे 100 मिलिग्रॅम. या कारणानेच ही बाटली नमुन्याच्या पाण्याने विसळून घ्यायची नसते. इतर सगळ्या बाटल्या विसळायच्या, ही एक विसळायची नाही, हे नमुने गोळा करणाऱ्याला प्रत्येक वेळी सांगावे लागते.

एकदा एका पाणीपुरवठ्याचे नमुने लागोपाठ तीन आठवडे स्वच्छ येत होते आणि त्याच भागात पोटाचे रुग्ण वाढत होते. चौथ्या वेळी नमुने येण्याआधी मी रिकाम्या बाटल्या उजेडाकडे धरून पाहिल्या. हायपो घातलेल्या आमच्या बाटलीच्या तळाशी वाळलेला एक पुसट पांढरा ठिपका असतो. या बाटल्यांत तो नव्हता. बाटल्या नव्याने तयार करून त्याच जागांचे नमुने घेतले, तर त्यांत कोलिफॉर्म, म्हणजे पाण्यात मैला मिसळल्याची शंका दाखवणारे, जंतू मिळाले. तीन आठवडे आम्ही खोटा दिलासा देत होतो, हे आठवले की आजही मला वाईट वाटते. त्या दिवसापासून बाटल्यांच्या प्रत्येक खेपेतली एक बाटली मी स्वतः उजेडाकडे धरतो.

आपापल्या क्षेत्रात हायपो वापरणाऱ्या सभासदांनी कृपया सविस्तर लिहावे.

रसायन_शिक्षिका

धागा आवडला. 'तीन कामे' ही मांडणी वर्गात वापरण्याजोगी आहे. पहिल्या कामाचे सर्वांत सुंदर रूप मला आयोडीनच्या अनुमापनात, म्हणजे माहीत असलेल्या तीव्रतेचे द्रावण थोडे थोडे घालून आयोडीन किती आहे ते मोजण्यात, दिसते. थायोसल्फेटचे दोन आयन मिळून आयोडीनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन देतात, स्वतः एकमेकांना जोडले जाऊन टेट्राथायोनेट होतात, आणि हा हिशेब इतका नेमका बसतो की अनुमापनाची एक संपूर्ण शाखा त्यावर उभी राहिली.

विद्यार्थ्यांचा हात मात्र एका ठिकाणी हमखास चुकतो. ब्युरेटमधून, म्हणजे मापखुणा असलेल्या तोटीच्या नळीतून, हायपो सोडताना फ्लास्कमधला तपकिरी रंग उतरत जातो, पिवळा होतो, मग वाळक्या गवतासारखा फिका पिवळा होतो, आणि स्टार्च त्या क्षणी घालायचा असतो. द्रावण गर्द निळे होते. मग एकेक थेंब. आणि एका थेंबाला निळा रंग एकदम नाहीसा होतो. घाई करून स्टार्च सुरुवातीलाच घातला तर भरपूर आयोडीन स्टार्चमध्ये अडकून बसते, निळा रंग रेंगाळतो आणि अंतिम बिंदू पुढे सरकतो.

दुसरी गोष्ट वजनाची. पाच रेणू स्फटिकजल असलेल्या हायपोचे 24.8 ग्रॅम एक लिटरमध्ये विरघळवले की 0.1 नॉर्मल (हे तीव्रतेचे एकक) द्रावण व्हायला हवे, पण कोरड्या हवेत हे स्फटिक आपले पाणी सोडतात, त्यामुळे वजनावर भरवसा ठेवता येत नाही. द्रावणाची खरी तीव्रता पोटॅशियम डायक्रोमेट किंवा पोटॅशियम आयोडेटशी ताडून ठरवावी लागते आणि पुढेही वेळोवेळी तपासावी लागते, कारण गंधकावर जगणारे जंतू आणि पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तिला हळूहळू कमी करतात. म्हणून पाणी उकळून गार केलेले घ्यायचे आणि त्यात चिमूटभर सोडियम कार्बोनेट टाकायचे.

आयोडीनयुक्त मिठात आयोडेट पुरेसे आहे की नाही हेही याच पद्धतीने मोजतात. मिठाच्या द्रावणात आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड घातले की आयोडेटमुळे आयोडीन मोकळे होते, आणि ते किती झाले हे हायपो सांगतो. फक्त येथे मोजायचे आयोडीन फार थोडे असल्याने द्रावण 0.005 नॉर्मल, म्हणजे अगदी पातळ घेतात.

पाणी_तपासनीस (धागालेखक)

बाईंनी अनुमापन लिहिलेच आहे, तर त्यात माझ्या रोजच्या कामाची भर घालतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची विंकलर पद्धत 1888 सालची आहे आणि अजून मोडीत निघालेली नाही. नमुन्यात मँगनीजचा क्षार आणि अल्कयुक्त आयोडाइड घातले की ऑक्सिजन असेल त्या प्रमाणात तपकिरी साका बसतो. पाण्यात ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो, आणि तो पांढरा साका पाहिला की ओढ्याची अवस्था आकड्याआधीच कळते. मग आम्ल घालून आयोडीन मोकळे करायचे आणि हायपोने मोजायचे. हायपो 0.025 नॉर्मल आणि नमुना 200 मिलिलिटर घेतला, तर ब्युरेटवरचे जितके मिलिलिटर, तितकेच लिटरमागे मिलिग्रॅम ऑक्सिजन. ज्याने हे आकडे जुळवून ठेवले त्याने आमच्यासारख्यांची आयुष्यभराची आकडेमोड वाचवली.

काळोखी_खोली

मी फिल्मवर छायाचित्रे काढतो आणि ती स्वतःच धुतो, त्यामुळे तिसऱ्या कामाविषयी अधिकाराने लिहू शकतो. या क्षाराचा शोध 1799 मध्ये फ्रान्सच्या फ्रांस्वा शोसिये यांनी लावला. 1819 मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी नोंदवले की चांदीचे पाण्यात न विरघळणारे क्षार हायपोच्या द्रावणात सहज विरघळतात. ती नोंद पुढे वीस वर्षे कोणाच्या विशेष उपयोगी पडली नाही. 1839 च्या जानेवारीत छायाचित्रणाच्या शोधाची बातमी इंग्लंडमध्ये पोहोचली, तेव्हा खरी अडचण अशी होती की उमटलेले चित्र उजेडात आणले की काळे पडत जाई, कारण कागदावर उरलेला चांदीचा क्षार उजेडाला प्रतिसाद देतच राही. हर्शेल यांना आपली जुनी नोंद आठवली, त्यांनी हायपोने तो उरलेला क्षार धुऊन काढला आणि चित्र टिकले. इंग्लंडमध्ये कागदावर छायाचित्रे उमटवणारे टॅलबट त्याआधी मिठाच्या तीव्र द्रावणाने काम भागवत होते. हर्शेल यांनी हायपोची गोष्ट त्यांना सांगितली.

डार्करूममध्ये हे काम डोळ्यांनी पाहता येते. डेव्हलपरमधून काढलेली फिल्म दुधी असते. फिक्सरमध्ये टाकली की काही वेळाने कडेपासून तो दुधीपणा विरघळू लागतो आणि फिल्म काचेसारखी पारदर्शक होते. आमचा जुना नियम असा आहे की फिल्म निवळायला जितका वेळ लागला, त्याच्या दुप्पट वेळ ती फिक्सरमध्ये ठेवायची. दुधीपणा गेला म्हणजे काम झाले असे नसते, कारण प्रथम तयार होणारे चांदी-थायोसल्फेटचे संयुग कमी विद्राव्य असते. आणखी थायोसल्फेट मिळाले की ते पूर्ण विद्राव्य होऊन फिल्मच्या थरातून बाहेर पडते. वापरून थकलेल्या फिक्सरमध्ये हा दुसरा टप्पा अर्धवट राहतो. चित्र आज उत्तम दिसते आणि काही वर्षांनी पिवळट तपकिरी डाग उमटतात, तो चांदीचा सल्फाइड असतो. शेवटी पाण्याने नीट धुतले नाही तरीही तेच होते, कारण मागे राहिलेला हायपोच चित्रातल्या चांदीला गंधक देतो.

हे लिहिताना लक्षात आले की ज्या गंधकाने चित्र वाचवले तोच पुढे चित्र खातो, म्हणजे एकाच फिल्मवर आपले तिसरे काम आणि दुसरे काम दोन्ही घडतात.

घाईचे काम असेल तर अमोनियम थायोसल्फेटचा फिक्सर वापरतात, तो बराच वेगवान असतो. क्ष-किरणांच्या फिल्मसाठीही हेच रसायन चालत आले. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. ती विद्युत अपघटनाने किंवा लोखंडाच्या तारेच्या लोकरीवर बसवून परत मिळवता येते. फिक्सर कृपया तसाच गटारात ओतू नये.

अतिदक्षता_डॉक्टर

वैद्यकीय बाजू मी मांडतो. सायनाइड पेशींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराच्या लोहाला जाऊन धरते. परिणामी रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, तो पेशीपर्यंत पोहोचतोही, पण पेशीला तो वापरता येत नाही. अशा रुग्णाचे शिरेतले रक्त नेहमीपेक्षा लाल दिसू शकते, कारण त्यातला ऑक्सिजन कोणी घेतलेलाच नसतो, आणि रक्तातले लॅक्टेट झपाट्याने चढते.

शरीराची स्वतःची एक सोय आहे. पेशींच्या तंतुकणिकांमध्ये, विशेषतः यकृत आणि मूत्रपिंडात, रोडानीज नावाचे विकर असते. ते गंधकाचा एक अणू उचलून सायनाइडवर ठेवते आणि थायोसायनेट तयार होते; ते सायनाइडच्या तुलनेत फार कमी विषारी असते आणि लघवीवाटे बाहेर जाते. विकर मुबलक असते, तुटवडा असतो तो गंधकाचा. थायोसल्फेट देऊन आपण तो पुरवतो. धागालेखकांच्या मांडणीत हे दुसरे काम, गंधक देण्याचे.

मात्र थायोसल्फेट पेशीत आणि तंतुकणिकेत सावकाश शिरते. मरणाच्या दारात असलेल्या रुग्णाला एकट्या थायोसल्फेटवर सोडता येत नाही. आधी वेगवान औषध द्यावे लागते. हायड्रॉक्सोकोबालामिन 5 ग्रॅम सुमारे 15 मिनिटांत शिरेतून दिले की ते सायनाइडला स्वतःशी बांधून ब 12 जीवनसत्त्वाचेच एक रूप बनते. किंवा सोडियम नायट्राइट 300 मिलिग्रॅम सावकाश देतात. त्याने काही हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन होते आणि सायनाइड तिकडे ओढले जाते. त्यामागून थायोसल्फेट 12.5 ग्रॅम, म्हणजे 25 टक्के द्रावणाचे 50 मिलिलिटर. मुलांना वजनाच्या दर किलोमागे 250 मिलिग्रॅम. नायट्राइट आणि थायोसल्फेटची ही जोडी 1930 च्या दशकात के. के. चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून पुढे आली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत दोन्ही आहेत.

आगीच्या धुरात सापडलेल्या माणसाचा विचार वेगळा करावा लागतो. लोकर, रेशीम, नायलॉन, फोम जळताना सायनाइड निघते आणि त्याच धुरात कार्बन मोनॉक्साइडही असतो. त्याने हिमोग्लोबिनचा मोठा भाग आधीच अडवलेला असतो. अशा वेळी नायट्राइट देऊन आणखी हिमोग्लोबिन निकामी करणे धोक्याचे ठरते. म्हणून तेथे हायड्रॉक्सोकोबालामिनला पसंती असते. थायोसल्फेट हिमोग्लोबिनला हात लावत नाही, त्यामुळे ते जोडीला देता येते, फक्त दोन्ही एकाच नळीतून द्यायची नसतात.

आमच्याकडे त्याचा आणखी एक शांत उपयोग आहे. रक्तदाब तातडीने उतरवणाऱ्या नायट्रोप्रुसाइडच्या प्रत्येक रेणूत पाच सायनाइड गट असतात. हे औषध मोठ्या मात्रेत किंवा फार वेळ चालवावे लागले, तर सायनाइड साचू नये म्हणून वजनाने दहापट थायोसल्फेट सोबत देण्याची पद्धत आहे. मूत्रपिंडे निकामी असतील तर थायोसायनेट बाहेर पडत नाही. मळमळ, गोंधळलेपणा दिसू लागतो आणि डायलिसिस करून ते काढावे लागते.

नवा_वाचक

डॉक्टर, माझा एक भाबडा प्रश्न आहे. धातूला मुलामा देण्याच्या ज्या कारखान्यात मी काम करतो, तेथे सायनाइडची टाकी आहे आणि शेजारच्याच खोलीत क्लोरीनसाठी आणलेल्या हायपोचे पोते आहे. अपघात झालाच तर ते पाण्यात कालवून पाजण्याचा काही उपयोग होईल का?

अतिदक्षता_डॉक्टर

प्रश्न भाबडा नाही; या प्रश्नाचे उत्तर माहीत नसल्याने वेळ वाया जाऊ शकतो. कृपया तसे करू नका. तोंडावाटे दिलेले थायोसल्फेट आतड्यातून फार थोडे शोषले जाते, जुलाब मात्र होतात. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतले तर ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. आणि औद्योगिक दर्जाच्या क्षारात काय काय मिसळलेले आहे हे कोणालाच ठाऊक नसते, तेव्हा टोचण्याचा तर विचारही मनात आणू नये. इंजेक्शनसाठीचे द्रावण वेगळे, निर्जंतुक आणि तपासलेले असते.

करायचे ते असे. स्वतः श्वसनाचे संरक्षण घातल्याशिवाय आत शिरू नका. माणसाला मोकळ्या हवेत आणा, भिजलेले कपडे काढा, त्वचा भरपूर पाण्याने धुवा, 100 टक्के ऑक्सिजन लावा आणि तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका. ज्या रुग्णालयात नेणार तेथे सायनाइडवरील औषध ठेवलेले आहे की नाही हे अपघाताच्या दिवशी नव्हे, आज विचारून ठेवा. हायपोच्या पोत्याविषयी आणखी एक: ते आम्लाच्या पिंपाशेजारी ठेवू नका. दोन्ही मिसळले तर गंधक साकळून द्रव दुधी होतो आणि सल्फर डायऑक्साइड सुटतो, जो दमेकऱ्याला सहन होत नाही.

जुना_वार्ताहर

थायोसल्फेटविषयी मराठीत धागा निघावा आणि भोपाळचा उल्लेख होऊ नये, हे बरे नाही. डिसेंबर 1984 मध्ये मिथिल आयसोसायनेटची गळती झाल्यानंतर हे इंजेक्शन द्यावे की नाही यावरून डॉक्टरांत उभी फूट पडली होती. एका बाजूचे म्हणणे असे की मृतांच्या आणि रुग्णांच्या शरीरात सायनाइडच्या विषबाधेची लक्षणे आहेत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की वायूने फुप्फुसे थेट भाजली आहेत आणि सायनाइडचा प्रश्नच येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चाचणी घेतली, थायोसल्फेट दिल्यावर रुग्णांच्या लघवीतले थायोसायनेट वाढल्याचे तिच्यात आढळले आणि 1985 च्या सुरुवातीला परिषदेने ते वापरण्याविषयी सूचना दिल्या. तरी वाद मिटला नाही. धूम्रपान करणाऱ्याच्या लघवीतही थायोसायनेट जास्त असते, त्यामुळे त्या आकड्यांचा अर्थ लावणेही सोपे नव्हते.

मला यात बोचते ते असे की वादाच्या दोन्ही बाजू कदाचित एकाच रुग्णात खऱ्या असू शकत होत्या. फुप्फुसे भाजलेल्या माणसाला त्याशिवाय सायनाइडची बाधाही झालेली असेल तर तपासून पाहणे हाच एक मार्ग होता, आणि त्यासाठी इंजेक्शन व लघवीची तपासणी दोन्ही हजारो लोकांपर्यंत वेळेवर पोहोचायला हवे होते.

बाल_वॉर्ड

मी बालकर्करोगाच्या वॉर्डात परिचारिका आहे. सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमचे औषध मुलांच्या अनेक गाठींवर चांगले काम करते, पण ते आतल्या कानातल्या केसपेशी मारते आणि गेलेले ऐकणे परत येत नाही. सुरुवात उंच पट्टीपासून होते. मूल हाक मारली की वळते, त्यामुळे घरच्यांना काही कळत नाही. पण 'स', 'श', 'त', 'फ' ही अक्षरे त्याच्या कानी नीट पडत नाहीत, आणि नुकते बोलायला शिकणारे मूल जे ऐकत नाही ते बोलतही नाही.

येथे थायोसल्फेट तिसरे काम करते, प्लॅटिनमला धरून निष्क्रिय करते. मग साहजिकच प्रश्न येतो की ते गाठीवरचे औषधही निकामी करणार नाही का? सगळी मदार वेळेवर आहे. सिस्प्लॅटिन संपल्यानंतर बरोबर सहा तासांनी थायोसल्फेट 15 मिनिटांत शिरेतून देतात. तोवर रक्तातले मोकळे सिस्प्लॅटिन बहुतेक गेलेले असते, गाठीवरचा आघात झालेला असतो, पण कानात ते अजून रेंगाळत असते. यकृताच्या हिपॅटोब्लास्टोमा या गाठीच्या, कमी जोखमीच्या मुलांवर झालेल्या सिओपेल 6 या चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मुलांना थायोसल्फेट मिळाले त्यांच्यापैकी 33 टक्के मुलांना श्रवणदोष झाला, ज्यांना मिळाले नाही त्यांच्यात 63 टक्के. आणि जगण्याच्या प्रमाणात घट दिसली नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर 2022 मध्ये या उपयोगाला मान्यता दिली, मात्र एक महिन्याहून मोठ्या मुलांसाठी आणि गाठ शरीरात इतरत्र पसरलेली नसेल तरच. याआधीच्या दुसऱ्या एका चाचणीत गाठ पसरलेल्या मुलांचे जगण्याचे प्रमाण थायोसल्फेट मिळालेल्या गटात कमी दिसले होते, म्हणून ही अट.

उलटी जवळजवळ प्रत्येक मुलाला होते, तेव्हा आधी उलटीचे औषध देणे आमच्याकडे सक्तीचे आहे. सोडियमचा भार मोठा असतो, म्हणून रक्तातले क्षार तपासत राहावे लागतात. सहा तासांचे घड्याळ मी पाटीवर लिहून ठेवते. रात्रपाळी बदलताना तोंडी सांगितलेली वेळ विसरली जाऊ शकते आणि येथे एक तास अलीकडे की पलीकडे याला अर्थ आहे.

मूत्रपिंड_विभाग

थोडक्यात भर घालतो. डायलिसिसवर असलेल्या काही रुग्णांत कॅल्सिफायलॅक्सिस हा भयंकर वेदनादायक आजार होतो. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचते, रक्तपुरवठा तुटतो आणि न भरणाऱ्या जखमा होतात. आठवड्यातून तीन वेळा, डायलिसिसच्या शेवटच्या तासात किंवा नंतर, 25 ग्रॅम थायोसल्फेट शिरेतून देण्याची पद्धत गेल्या दोन दशकांत रूढ झाली आहे. वेदना कमी झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. ते कॅल्शियमला विद्राव्य बनवून काढते, असे पूर्वी ठामपणे सांगितले जाई. आता रक्तवाहिन्या रुंदावणे आणि ऑक्सिडीकरण रोखणे हीही कारणे पुढे येतात. पुरावा बहुतांशी निरीक्षणांवर उभा आहे, म्हणून हमी देऊन बोलू नये. रक्तातील आम्लता वाढणे हा नेहमीचा त्रास, तो पाहत राहावा लागतो.

रंगाई_विभाग

कापड उद्योगात याला आम्ही 'अँटिक्लोर' म्हणतो. सुती कापड हायपोक्लोराइटने ब्लीच केल्यावर धाग्यात क्लोरीन उरला तर कापड साठवणीत पिवळे पडते, धागा कमजोर होतो आणि पुढची रंगाई डागाळते. ब्लीचनंतर पातळ हायपोची धुलाई देतात आणि आयोडाइड-स्टार्चचा कागद ओल्या कापडावर दाबून पाहतात. कागद निळा झाला नाही तरच ताका पुढे जातो. कातडे कमावण्यातही याचा जुना मान आहे. 1884 च्या शुल्ट्झ यांच्या दोन टाक्यांच्या पद्धतीत पहिल्या टाकीत कातडे डायक्रोमेट पिऊन पिवळे होई आणि दुसऱ्या टाकीतल्या आम्लयुक्त हायपोने त्यातला क्रोमियम कातड्याच्या आतच हिरवा, म्हणजे कमावणारा, होई.

एक शंका आहे. एक मिलिग्रॅम क्लोरीनला किती हायपो, याची उत्तरे पुस्तकागणिक बदलतात. कोठे सात मिलिग्रॅम दिलेले आढळते, कोठे एकाहूनही कमी.

पाणी_तपासनीस (धागालेखक)

दोन्ही आकडे बरोबर आहेत, अभिक्रिया वेगवेगळ्या आहेत. थायोसल्फेट टेट्राथायोनेटपर्यंतच गेले तर प्रत्येक आयन एकच इलेक्ट्रॉन देतो आणि एक मिलिग्रॅम क्लोरीनला स्फटिकी हायपो सात मिलिग्रॅम लागतो. ते पूर्ण सल्फेटपर्यंत गेले तर प्रत्येक आयन आठ इलेक्ट्रॉन देतो आणि 0.9 मिलिग्रॅमच्या आतच काम होते. प्रत्यक्षात पाण्याचा सामू काय आणि दोघांपैकी जास्त कोण, यावर या दोन टोकांच्या मधले काहीतरी घडते. जंतुतपासणीच्या बाटलीत थोडा जास्त हायपो गेला तरी बिघडत नाही, म्हणून आम्ही सातच्या हिशेबाने चालतो. मोठ्या टाकीचे पाणी ओढ्यात सोडायचे असेल तर तसे करू नये. पूर्ण अभिक्रियेत आम्ल तयार होते, आणि उरलेला हायपो जंतूंचे खाद्य होऊन पाण्यातला ऑक्सिजन खातो. थोडे थोडे घालून प्रत्येक वेळी उरलेला क्लोरीन मोजणे हाच मार्ग आहे. मासे पाळणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की पाण्यात क्लोरामाइन असेल तर हायपो त्यातला क्लोरीन काढतो आणि अमोनिया मागे ठेवतो, जो माशांना मारतो.

काळोखी_खोली यांच्या चांदीवरून सोने आठवले. अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यातल्या गोल्डस्ट्राइक खाणीत 2014 पासून सायनाइडऐवजी थायोसल्फेटने, तेथे कॅल्शियमच्या क्षाराने, खनिजातले सोने विरघळवण्याची पद्धत सुरू झाली. त्या खनिजात कोळशासारखा कार्बन आहे. सायनाइडने सोडवलेले सोने तो परत शोषून घेतो, थायोसल्फेटने धरलेले सोने मात्र त्याला चिकटत नाही. म्हणूनच ते द्रावणातून काढायला नेहमीचा कोळसा चालत नाही, रेझिन लागते.

माझ्या त्या सहकाऱ्याला मी हा धागा वाचायला दिला. त्याने सर्वांत आधी कपाटातल्या बाटल्या तपासल्या, कारण आमच्याकडे सोडियम सल्फेट, सोडियम सल्फाइट आणि सोडियम थायोसल्फेट एकाच फळीवर, एकाच रंगाच्या झाकणांत उभे होते. थायोसल्फेटची बाटली आता वेगळ्या फळीवर आहे, आणि तिच्यावर त्याने मोठ्या अक्षरांत 'हायपो' लिहिले आहे.